गवतकात्री आणि दुपारचं मौन

सोमवार, ३ जून. सकाळ.

वसाहतीच्या अध्यक्ष ग्राबोशबाईंचं फर्मान लागलं. शनिवारी, पंधरा तारखेला, दुपारी तीन वाजता बागांची पाहणी. फाटकाजवळच्या फळ्यावर कागद टाचलाय. संगणकावर छापलेला, कोरडा, एक ओळ तालात नाही. असले कागद मी वाचत नाही. एवढा वाचला, कारण खाली लाल शाईत माझं नाव होतं : एवाल्ड रायशेल, बाग क्रमांक अठ्ठेचाळीस, गवताची कड वाटेवर आली आहे.

आधी दोन ताकिदी झाल्यात. पहिली कुंपण छातीच्या वर गेलं म्हणून. दुसरी भाजी कमी आणि हिरवळ जास्त म्हणून. तिसरी झाली की बाग जाते. ‘शांत कुरण’ या भाड्याच्या बागांच्या वसाहतीचा नियमच आहे तो. बाहेर प्रतीक्षायादीतली तरुण जोडपी बाबागाड्या घेऊन टपलेलीच आहेत. त्यांच्या हाती माझं नासपतीचं झाड जाणार. त्याच्या सावलीत ते मोबाइल बघणार.

अर्थात असं काही होणार नाही. माझ्याकडे यंत्र आहे.

सोमवार. संध्याकाळ.

यंत्र म्हणजे लेकीने नाताळात दिलेली बॅटरीवरची गवतकात्री. गोंडस वस्तू. खाली दात, वर मूठ, बटण दाबलं की दात आपापसांत भांडतात आणि गवत पडतं. आज प्रथमच तिला वाटेच्या कडेला नेलं. करर्र म्हणाली. वीतभर गवत कापलं. मग सुस्कारा टाकून थांबली.

पलीकडच्या बागेतून लोथार वुट्के बघत होता. हा मनुष्य आयुष्यभर बसगाड्यांचे ब्रेक दुरुस्त करत आला, त्यामुळे त्याला वाटतं जगात ज्याचं त्याचं थांबणं हा त्याचाच विषय. कुंपणावरून म्हणाला की काय एवाल्ड, दमली का तुझी पोरगी? मी आकाशाकडे पाहिलं. चंडोल नव्हता, पण असायला हरकत नव्हती.

हिल्ट्रूड म्हणाली की बागेतल्या खोपीच्या दारावर तुझ्या बाबांची हातकात्री टांगलेली आहे, ती घे आणि मोकळा हो. माझी बायको. पस्तीस वर्षं मी रेल्वेत वेळापत्रकं केली, सगळ्या जिल्ह्याच्या गाड्या माझ्या पेन्सिलीवर चालल्या, आणि ही मला गुडघ्यांवर बसून लोथारसमोर कात्री चालवायला सांगते.

हातकात्री म्हणजे संग्रहालय. मी तिच्याकडे बघतो, भरून येतं, आणि तिला तिथेच राहू देतो.

मंगळवार, ४ जून.

निदान झालं. बॅटरी भुकेली आहे. पेटीत गेले सहा महिने पडून होती, तेव्हा हे होणारच.

घरी चार्ज करायला हिल्ट्रूडची बंदी. कुठेतरी बॅटरी फुटून स्वयंपाकघर जळाल्याचं तिने वाचलंय. त्यामुळे खोपीतच. संध्याकाळी लावून घरी जाणं शक्य नाही. माणूस गेल्यावर खोपीत प्लग राहता कामा नये, हे माझं तत्त्व आहे आणि तत्त्वांना मी वयानुसार सवलत देत नाही. सकाळी मी फुलांबरोबर असतो.

उरली दुपार. एक ते तीन, विश्रांतीचे तास. यात एक शास्त्र आहे, जे लोथारसारख्यांना कळायचं नाही : त्या वेळात सगळी वसाहत झोपलेली असते, कोणी वीज ओढत नाही, म्हणून तारेतून येते ती दाट येते. नळाचं तसंच असतं.

एकला दहा कमी असताना प्लग लावला. लाल दिवा लागला. मी आरामखुर्चीत आडवा झालो. तीनला पाच कमी असताना उठलो. ही रेल्वेची सवय, गाडीच्या आधी फलाटावर. दिवा विझला होता.

पोट भरलं. प्लग काढला. शाबास.

मंगळवार. नंतर.

दीड वीत. मग सुस्कारा.

बुधवार, ५ जून.

दुपारच्या शांततेबद्दल लिहायला हवं, कारण ती माझी निर्मिती आहे.

मागच्या वर्षापर्यंत इथे एक ते तीन म्हणजे दंगा. नियम होता, पण लोथार दीड वाजता विजेची करवत काढायचा. त्याच्या खोपीतला रेडिओ. त्याच्या बागेतला तो किळसवाणा दगडी बुटका, विजार खाली करून हौदात धार सोडणारा, चोवीस तास चालू. मार्चच्या सभेत मी उभा राहिलो आणि प्रस्ताव मांडला की हे असे ऐकणार नाहीत, दुपारी त्यांची वीजच बंद करा. मग त्या विषयाला धरून स्वतःची एक छोटी कविता म्हणायची परवानगी मागितली. ग्राबोशबाई म्हणाल्या की वेळ नाही, पुढचा विषय पाण्याचा. मी टोपी उचलली आणि निघून आलो. प्रस्तावाचं काय झालं ते विचारलंही नाही. जिथे कविता नको, तिथे प्रस्ताव कुठला पास होतोय?

पण मी हार मानली नाही. एप्रिलमध्ये ती कविता सुवाच्य अक्षरात लिहून फळ्यावर लावली :

दुपार झाली, निजली पाने,
निजल्या शेंगा, निजले पाणी;
ठेव शेजाऱ्या, ठेव करवत,
ऐकू दे मौनाची गाणी.

आणि काय चमत्कार! त्या आठवड्यापासून एक वाजला की सगळीकडे शांतता. करवत बंद. रेडिओ मध्येच गप्प. एवढंच काय, बुटक्याची धारसुद्धा एकच्या ठोक्याला थांबते. लोथारला लाज वाटून तो बंद करत असणार. माझ्या खोपीतला फ्रिजही घरघर थांबवतो.

शाळेत क्नोखे मास्तर आम्हाला बाकावर उभं करून, छातीवर हात ठेवायला लावून कविता म्हणवून घ्यायचे. म्हणायचे की पोरांनो, पाठ केलेली ओळ कधी वाया जात नाही. तेव्हा आम्हाला हसू यायचं. आज मास्तर असते तर त्यांना हात धरून इथे आणलं असतं.

लोकांनाही त्याची जाणीव आहे. रोज एकला कुठूनतरी कुंपणापलीकडून कोणी ओरडतं की फार आभारी आहोत हो, एवाल्डराव! काल लोथारने हातातला कॉफीचा कप वर करून म्हटलं. कॉफी अर्धीच होती कपात. मी मान लववली.

यंत्राचं : दुपारी पुन्हा चार्ज. संध्याकाळी वीतभर. उद्या पोटात शिरावं लागणार.

शुक्रवार, ७ जून.

दोष दातांचा आहे. पात्यांच्या मध्ये गवताचा चीक वाळून बसलाय. पाती सोडवून हिल्ट्रूडच्या जुन्या दातब्रशने घासला. (जुना नव्हता. नंतर कळलं.)

पाती स्वच्छ झाल्यावर तेल. यंत्राचं तेल नाही. नाताळच्या बदकाची चरबी बरणीत होती. पूर्वी गाड्यांच्या चाकांना चरबीच लावत. आजचे लोक बाटलीवरचं नाव वाचून तेल घेतात, स्वतःचं डोकं वापरत नाहीत. भरपूर लावली. सुगंध आला. नाताळची आठवण, चुलीजवळ आई, खिडकीवर बर्फ. पाच मिनिटं डोळे मिटून बसलो.

डोळे उघडले तर पातं नाही.

लोथारची ग्रेटे, ती आखूड पायांची कुत्री, कुंपणाखालून आली होती. पातं तोंडात धरून परत गेली. लोथारने ते चाटूनपुसून लख्ख झालेलं आणून दिलं. म्हणाला की घे बाबा, हिला तुझं यंत्र फार आवडलं, कुणाला तरी आवडलं. आणि वर म्हणाला की माझी बॅटरी लावून बघतोस का, आपल्या दोघांच्या हत्यारांना एकच बॅटरी बसते.

त्याच्या बॅटरीवर माझं गवत? त्यापेक्षा कड वाढून नदीपर्यंत गेली तरी चालेल.

शनिवार, ८ जून.

पाती पुन्हा बसवली. सकाळी यंत्र चालू केलं. आवाज आला, गवत नुसतं वाकलं. नमस्कार करून पुन्हा उभं राहिलं.

पातं उलटं बसलेलं निघालं. हल्ली कारखान्यांत कसली माणसं ठेवतात कळत नाही.

हिल्ट्रूड बाराला घरी जाते, तिची मालिका असते. जाताना मीटरच्या खोलीबद्दल काहीतरी सांगत होती. दुपारी तिथे काय होतं, वाटेपलीकडच्या बागेतल्या बेकरीवाल्या म्हातारीने काय सांगितलं, वगैरे. मी म्हटलं की हिल्ट्रूड, मी इथे पात्यांच्या कोनाचा विचार करतोय. ती म्हणाली की बरं, कर विचार.

दुपारी चार्ज. दिवा लाल, नंतर विझलेला. सगळं यथासांग.

रविवार, ९ जून.

रविवारी यंत्र लावत नाहीत. लावलं असतं तर आज कड नक्की झाली असती. हात शिवशिवत होते, अंगात बळ होतं, हवा कोरडी होती. कायद्यापुढे माझा इलाज नाही.

रबार्बच्या आंबट देठांचा केक खाल्ला. दोन तुकडे. एक विचार करताना, एक विचार झाल्यावर.

सोमवार, १० जून.

कंपनीच्या मदतकेंद्राला फोन. आधी यंत्र बोललं, मग संगीत, मग एक बाई. आवाजावरून वीस-बावीसची. तिने पहिलाच प्रश्न विचारला की बॅटरी चार्ज केली होती का. मी विचारलं की बाई, आगगाडी थांबली तर तुम्ही चालकाला विचारता का की रूळ आहेत ना? ती म्हणाली की नाही आजोबा, आम्ही गाड्यांचं बघत नाही, आम्ही गवताचं बघतो.

आजोबा!

मग म्हणाली की चार्ज पूर्ण झाला की दिवा हिरवा होतो, तुम्ही हिरवा पाहिलाय ना? मी सांगितलं की हिरवा मी मे महिन्यात बीच झाडांच्या जंगलात पाहिलाय, आपण बहुधा पाहिला नसेल. मीच फोन ठेवला.

हिरवा दिवा. दिवा विझला म्हणजे काम झालं, एवढी साधी गोष्ट. घरातला दिवा विझतो तेव्हा माणूस झोपतो. हिरवा झाल्यावर झोपतो का?

वापरपुस्तिकाही चाळली. जर्मन भाषेचे असे हाल युद्धातही झाले नसतील. पान चारवर मिटली.

मंगळवार, ११ जून.

आता शस्त्रक्रिया.

कवच उघडायचं तर स्क्रूंची डोकी चांदणीच्या आकाराची. साध्या माणसाने उघडू नये म्हणून केलेला कट. हिल्ट्रूडची नखांची कानस चालली. पाच स्क्रू निघाले, सहावा लेबलाखाली लपलेला होता, भित्रट. कवच उघडलं. आत एक बोटभर मोटर, दोन तारा, दातेरी चाक. एवढ्याशा पोटात काही बिघडायला जागा तरी कुठे आहे?

बॅटरीच्या पितळी पट्ट्या काळपट दिसल्या. खोडरबराने घासल्या. शाळेतलं खोडरबर, आयुष्यभर दप्तरात राहिलेलं, कडा झिजलेलं. ज्या रबराने मी लहानपणी यमकं खोडली, त्याने आज वीज उजळवली. लिहायला बरं वाटलं म्हणून लिहिलं.

मग वरचं कुलूपबटण काढलं. हे आधी दाबल्याशिवाय खालचं दाबता येत नाही. मूर्खांची बोटं वाचावीत म्हणून केलेली सोय, शहाण्यांना त्रास. त्याखालून स्प्रिंग उडाली. टिण्ण. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात. दोन तास रांगलो. स्ट्रॉबेरी भरपूर सापडल्या.

ज्या पेनाने ‘दुपार झाली’ लिहिली त्याची स्प्रिंग काढून बसवली. बरोब्बर बसली. यंत्रात आता माझी कविता आहे, असं म्हणायला हरकत नाही.

सगळं बंद केल्यावर एक राखाडी फेल्टची चकती उरली. अनावश्यक. असल्या चकत्या वजन वाढवायला घालतात. खिशात टाकली.

दुपारी चार्ज. उठल्यावर दिवा विझलेला. उद्या.

बुधवार, १२ जून.

आवाज पूर्वीपेक्षा मोठा, रुबाबदार, मोटारसायकलसारखा. ती चकतीच त्याला दाबून ठेवत होती. अगदी विजयी आवाज.

दोन वीत. मग सुस्कारा, तोही मोठा.

लोथार दोन्ही कानांवर हात ठेवून उभा होता. मग म्हणाला की आता निदान बंद पडलेली कळते तरी.

हिल्ट्रूड आली. हातकात्री दारावरून काढून माझ्या मांडीवर ठेवली. मी तिला वाफ्यातल्या शेंगा दाखवल्या आणि कविता म्हणू लागलो. ती म्हणाली की एवाल्ड, तीस वर्षांपूर्वी हे नासपतीचं रोप मी सायकलवर आणलं होतं, पुढे पोरगी, मागे रोप. बाग गेली तर तुझ्या कविता मला घरी ऐकाव्या लागतील, पावसाळी जानेवारीत, बंद खिडक्यांच्या आत. तेवढं लक्षात ठेव.

कात्री पुन्हा टांगली.

शुक्रवार, १४ जून.

उद्या पाहणी. योजना तयार आहे. अर्ध्यामुर्ध्या कापलेल्या कडेला हात लावायचा नाही. उद्या दुपारी पूर्ण दोन तास चार्ज, दाट विजेचा. तीनला समिती येईल. तेव्हा यंत्र हाती घेऊन, कविता म्हणत, एका चालीत सगळी कड सरळ. प्रत्यक्ष पाहिल्यावर कोण ताकीद देतंय? ग्राबोशबाईंना ऐकावंच लागेल, कारण यंत्र चालू असताना त्यांना बोलता येणार नाही.

पांढरा सदरा इस्त्री करून ठेवला.

शनिवार, १५ जून. रात्र व्हायच्या आधी.

लिहावंसं वाटत नाही. पण लोकांनी उद्या हे वेगळं सांगायच्या आत खरं काय ते नोंदवतो.

एकला दहा कमी. प्लग. लाल. आरामखुर्ची. सदरा घालूनच, चुरगळू नये म्हणून ताठ झोपलो. तीनला पाच कमी. दिवा विझलेला. बॅटरी खटकन बसली.

तीनला ग्राबोशबाई आल्या, मागे समितीतले दोघे. हातात मोजपट्टी. कुंपणापलीकडे लोथार, खुर्ची घेऊन, जसा काही नाटकाला आलाय. त्याच्या मांडीवर ग्रेटे. त्याचा बुटका नेमका त्याच क्षणी पुन्हा धार सोडू लागला. हिल्ट्रूड नासपतीखाली उभी होती.

ग्राबोशबाई म्हणाल्या की रायशेलकाका, कडेचं काय झालं? मी म्हटलं की आत्ता होतंय, बघा. डावा हात छातीवर, उजव्यात यंत्र. बटण दाबलं. काय तो आवाज! समितीतला एक मागे सरला. ‘दुपार झाली, निजली पाने’ — गवत पडलं. ‘निजल्या शेंगा, निजले पाणी’ — गवत पडलं, काय पडलं! ‘ठेव शेजाऱ्या’ —

सुस्कारा.

मग लोथार कुंपणावरून म्हणाला की एवाल्ड, खरं सांग, ही चार्ज कधी करतोस तू? मी सांगितलं. एक ते तीन. दाट विजेत.

आधी ग्राबोशबाईंनी चष्मा काढला. मग समितीतला तो मागे सरलेला इसम खाली बसला, गवतातच. लोथार हसला नाही, हे मला फार लागलं. तो म्हणाला की अरे बाबा, एक ते तीन वीज नसते! तूच मागितलंस ना मार्चमध्ये? तू टोपी घालून गेलास आणि मागे सगळ्यांनी हात वर केले. एप्रिलपासून मीटरच्या खोलीत टायमर आहे. एकला सगळ्यांची बंद, तीनला सुरू. माझी करवत, माझा रेडिओ, माझा बुटका, सगळं. रोज ओरडून आभार मानतो ना तुझे? माझं कॉफीचं यंत्र रोज अर्ध्या कपावरच थांबतं!

मी म्हटलं की पण कविता...

ग्राबोशबाई म्हणाल्या की कसली कविता? फळ्यावरचा तो कागद? आम्हाला वाटलं कुणाच्या तरी हरवलेल्या मांजराचं आहे, कोणी वाचलं नाही.

कोणी वाचलं नाही!

हिल्ट्रूड म्हणाली की मी मागच्या शनिवारी सांगायला गेले होते, तेव्हा हा पात्यांचा कोन बघत होता.

मग मोजपट्टी. कड हातभर बाहेर. ग्राबोशबाईंनी तिसरी ताकीद लिहिली आणि म्हणाल्या की नियमाप्रमाणे रायशेलकाकांचा करार आज संपला. वाईट वाटतंय म्हणाल्या. वाटत नव्हतं. मी नासपतीकडे बघितलं. झाडाला आता बारीक फळं धरलीत, अंगठ्याएवढी. मला एकदम काही म्हणायचं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ओळ सुचली नाही.

हिल्ट्रूड पुढे आली. म्हणाली की करार माझ्या नावाने लिहा. बायकोला घेता येतो, तुमच्याच नियमात आहे, कलम मी घरून वाचून आलेय. ग्राबोशबाई म्हणाल्या की घेता येतो, पण कड एका आठवड्यात व्हायला हवी. पुढच्या शनिवारी बघेन, दोनला येईन, तीनला मला नातवाच्या वाढदिवसाला जायचंय. हिल्ट्रूड म्हणाली की या, कॉफी पाजते. थर्मासमधली.

दोघी हसल्या. लोथारसुद्धा, आता.

मी आत जाऊन सदरा बदलला.

गुरुवार, २० जून.

सलग पाऊस. गवत वाढतंय. मी यात काही करू शकत नाही, कारण ही बाग माझी नाही. ग्राबोशबाईंच्या कागदावर मी आता ‘भाडेकरूचे पती, पाहुणे’.

टायमरबद्दल विचार केला. मूळ कल्पना माझीच, आणि ती एकमताने मंजूर झाली. वसाहतीच्या इतिहासात एकमताने असं किती मंजूर झालंय? हे कोणी बोलत नाही.

कविता फळ्यावरून उतरवून आणली. तिच्यावर कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं : मांजर सापडलं का?

शनिवार, २२ जून. सकाळ.

ऊन पडलं. हिल्ट्रूडने आठलाच बॅटरी लावली. मी सांगितलं की सकाळची वीज पातळ असते. तिने ऐकलं नाही.

साडेअकराला मला हाक मारली. चार्जरवर हिरवा दिवा. बीचच्या पानासारखा नाही. फ्रिजच्या बटणासारखा. तरी बराच वेळ बघत राहिलो.

शनिवार. दुपार, एक वाजून गेल्यावर.

आज ती मालिका बघायला घरी गेली नाही. जेवण झालं, बटाट्याचं कोशिंबिरीसारखं ते नेहमीचं. एकला फ्रिज थांबला. बुटका थांबला. पानं निजली, शेंगा निजल्या. मी आरामखुर्चीत आडवा झालो, डोळे मिटले. काही असो, ही शांतता आहे आणि ती मी आणली आहे.

करर्र!

माझ्या डोक्यापासून दोन हातांवर. मोटारसायकल. चकती माझ्या खिशात होती, ती आठवली.

बाहेर धावलो. हिल्ट्रूड गुडघ्यांखाली उशी घेऊन वाटेच्या कडेला, हातात यंत्र, गवत रिबिनीसारखं पडतंय. मी ओरडलो की विश्रांतीचे तास आहेत! तिने यंत्र थांबवलं आणि म्हणाली की दोनला बाई येतायत, ग्राबोशबाईंची खास परवानगी आहे, आणि बॅटरीला टायमर नाही. मी म्हटलं की मी तक्रार करीन. ती म्हणाली की कर ना, लेखी दे, पण तक्रार फक्त भाडेकरूला करता येते. देऊ का मी तुझ्या वतीने?

आणि पुन्हा सुरू.

कुंपणावर एकेक डोकं उगवलं. बेकरीवाली म्हातारी, मग दोन-तीन अनोळखी, मग लोथार, अर्ध्या कॉफीचा कप घेऊन. त्याने कप वर केला. माझ्याकडे बघून नाही.

खोपीत येऊन दार लावलं. खिडकी लावली. कानावर उशी घेतली. उशीतूनही येतो आवाज. चकती खिशातून काढून टेबलावर ठेवलीय, माझ्याकडे बघतेय.

पावणेदोन. अजून चालूच आहे. नासपतीपर्यंत पोचली असेल.

बॅटरी चांगली आहे, हे मान्य करावं लागेल.